बाळाच्या घरी सहा वेळा

गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर एका आशाताईंबरोबर दिवसभर फिरले. नाशिकहून पेठपर्यंत रस्ता चांगला आहे. पाड्याकडे जाणारा शेवटचा तुकडा मात्र चिखलातून, चप्पल हातात घेऊन. ताईंनी सात दिवसांच्या बाळाला झोळीत ठेवलं, काट्याला टांगलं, आकडा वहीत लिहिला. मग काखेत थर्मामीटर. मग आईला दूध पाजण्याबद्दल दोनचार प्रश्न. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी अशा सहा भेटी द्यायच्या असतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

मला वाटायचं, हे सगळं दिल्लीतल्या एखाद्या कचेरीत ठरलं असेल. माग काढत गेले तर पोचले गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांतल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे ओळखायचं आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बाईच्या हातात सिरिंज! तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 साली 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला.

पण बाईवर विश्वास टाकायची गोष्ट याहून जुनी आहे, आणि ती एका फसलेल्या बेतापासून सुरू होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे 1970 साली जामखेडला आले. खेड्यांत प्रशिक्षित नर्स ठेवायच्या, असं त्यांनी आधी ठरवलं होतं. ते जमलं नाही. शहरात शिकलेल्या नर्सला गाव परकं आणि गावाला ती परकी. तेव्हा एका सरपंचानेच सुचवलं, आमच्याच गावातली बाई का घेत नाही? निवडलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना लिहितावाचता येत नव्हतं, काही दलित वस्तीतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येऊन राहायच्या, शिकायच्या, एकत्र जेवायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत बसणं हाही त्या शिकण्याचाच भाग होता (माझ्या मते सगळ्यात अवघड भाग). हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं असेल तर बाकीच्यांनी तिथे जायचं.

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनीच चालवलेल्या आरोग्यकामांवर एक पुस्तक काढलं. त्यात टांझानिया आणि नायजरमधल्या खेड्यांच्या शेजारी जामखेडचं प्रकरण आहे. नगर जिल्ह्यातल्या बायका आणि आफ्रिकेतली गावं तेव्हा एकाच प्रश्नावर काम करत होती: डॉक्टर येणारच नसेल तर काय करायचं?

सरकारनेही 2 ऑक्टोबर 1977 ला गावागावांत आरोग्यसेवक नेमायची योजना काढली. नेमले बहुतेक पुरुष, आणि ती योजना हळूहळू विरून गेली. 2005 साली 'आशा' आली तेव्हा अट घातली ती बाईचीच, शक्यतो गावातल्या सुनेची. लेक लग्न होऊन जाते, सून राहते, हा साधा हिशोब.

जामखेडमधून बाई घेतली, गडचिरोलीतून काटा आणि वेळापत्रक. दर आठवड्याचं ते एकत्र बसणं आणि शिकणं मात्र सरकारने तितकं मनावर घेतलं नाही. मोबदला कामागणिक लावला. 2011 च्या नियमांनुसार घरभेटींचा सगळा संच पूर्ण केला की मिळून 250 रुपये. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यातल्या आशा मानधनवाढीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. आमच्या ताईही तिथे होत्या. गौरवाचं त्यांना मी सांगितलं तेव्हा कळलं.

परत निघालो तेव्हा ओहोळाला पाणी चढलं होतं.

"चौदाव्या दिवसापर्यंत उतरंल," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "नाही उतरलं तर वरच्या वाटेनं येईन."