दातेरी रूळ: चढण्यापेक्षा उतरणं अवघड

आठवडाभर मी कोड लिहितो आणि रविवारी टेबलावर डोंगरी रेल्वेचं छोटं मॉडेल चालवतो. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली तिच्यात अडकणारं दातेरी चाक. आज या पट्टीचा इतिहास बघू, कारण मॉडेलची निगा राखायचे नियम तिथूनच आलेत.

गंमत म्हणजे सुरुवात डोंगरात झालीच नाही. १८१२ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या कोळशाच्या रेल्वेवर जॉन ब्लेंकिन्सॉपने दातेरी रूळ वापरले. हलक्या इंजिनाची गुळगुळीत चाकं ओझं ओढताना घसरतील, ही भीती. ती सपाटीवर खोटी ठरली. साधी चाकं पुरली आणि दात मागे पडले.

डोंगराने त्यांना परत बोलावलं. १८६९ साली अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर सिल्वेस्टर मार्शची, १८७१ साली स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर निकोलाउस रिगनबाखची रेल्वे सुरू झाली. रिगीचा चढ चार मीटरला एक मीटरपर्यंत! पण खरा प्रश्न उतरण्याचा होता. रिगनबाखने उतरताना सिलिंडरमध्ये हवा दाबून तिचाच ब्रेक केला. आणि इंजिन कायम डब्यांच्या खालच्या बाजूला ठेवलं, म्हणजे डबा सुटला तरी इंजिनावरच टेकणार.

पुढे रोमान आप्टने १८८२ साली शेजारी-शेजारी पट्ट्या लावून त्यांचे दात मागेपुढे सरकवले. एक दात सुटायच्या आत दुसरा पकडतो. आपल्या नीलगिरी रेल्वेवर हीच पद्धत आहे. कुन्नूरपर्यंत ती १८९९ साली पोहोचली. चढ सुमारे बारा मीटरला एक मीटरपर्यंत, आणि इंजिन आजही खालून ढकलतं.

आता टेबलावर या. मॉडेलमध्ये बहुधा वर्म गिअर असतो, त्यामुळे वीज गेली तरी इंजिन जागीच थांबतं. डब्यांना मात्र ब्रेक नसतो. म्हणून इथेही इंजिन खालीच. माझी पट्टी एकेरी आहे, आप्टसारखी जोडी नाही, तेव्हा सगळा धोका सांध्यावर. दोन तुकड्यांमधलं अंतर जरा वाढलं की दात दातावर चढतो आणि इंजिन उचललं जातं. त्यामुळे दर वेळी आधी सांधे तपासायचे, ब्रशने दातांतली धूळ काढायची, ग्रीस अगदी थेंबभर. जास्त झालं तर ते रुळांवर पसरतं आणि वीज नीट मिळत नाही. आणि चाचणी कायम उतरताना घ्यायची. चढताना चूक झाली तर गाडी अडते, उतरताना झाली तर ती टेबलाखाली जाते.

भेटू पुढच्या भागात!