कलाशाळेतील शाखाबदल : मुंबई ते बीड

कलाशाळेत प्रवेश घेतल्यानंतर शाखा बदलणे हा आज विद्यार्थ्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न समजला जातो. परंतु महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा इतिहास पाहता, असा बदल किती सुकर होता हे विद्यार्थ्याच्या मनापेक्षा संस्थेच्या रचनेने अधिक ठरवले, आणि ही रचना मुंबई इलाख्याबाहेरच्या बीड जिल्ह्याच्या वाट्याला बरीच उशिरा आली.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेत 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग रुजू झाले आणि पुढे तेथे सजावटी चित्रकला, शिल्पघडण व नक्षीदार लोहकाम यांच्या तीन कर्मशाळा, म्हणजे गुरूच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची दालने, निघाल्या. शाखा म्हणजे येथे एक हस्तव्यवसाय होता. 1891 मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तकलांच्या कार्यशाळा आणि 1893 मध्ये चित्रकला शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाल्यावर कारागीर, चित्रकार आणि शिक्षक असे तीन निराळे मार्ग एकाच आवारात फुटले.

या मार्गांपैकी कोणताही एक ज्यांना पुरला नाही, त्यांत धुंडिराज गोविंद फाळके यांची गणना करावी लागेल. 1885 मध्ये ते मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले, परंतु पुढे बडोद्यास जाऊन तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि छपाईच्या तंत्रांचाही अभ्यास केला. उद्योगोपयोगी शिक्षणावर भर देणाऱ्या त्या संस्थेत या विद्या एकमेकींना लागून होत्या. त्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटामागे असे अनेक शाखांचे शिक्षण होते.

विसाव्या शतकात मात्र शाखांमधील भिंती उंचावल्या. 1935 मध्ये मुंबईच्या कलाशाळेत जाहिरात, मुद्रण यांसाठी लागणाऱ्या व्यावसायिक कलेचा, म्हणजे आजच्या उपयोजित कलेचा, स्वतंत्र विभाग निघाला आणि 1958 मध्ये या शाळेचे विभाजन झाल्यावर वास्तुशास्त्र व उपयोजित कला यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या. परिणामी, पूर्वी एका दालनातून दुसऱ्यात जाण्याइतका असलेला बदल आता एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्याचा झाला. प्रवेशानंतरचे पहिले वर्ष सर्वांना समान ठेवणारा पायाभूत अभ्यासक्रम या अडचणीवरचा उतारा ठरला, कारण त्यात रेखाटन, रंग, संकल्पन आणि घडण यांचा परिचय झाल्यावर शाखा निवडता येते.

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबईची ही व्यवस्था त्याला परकीच होती. दृश्यकलेची परंपरा मात्र येथे जुनी आहे : अंबाजोगाईच्या डोंगरात कोरलेले हत्तीखाना लेणे आहे, आणि त्याच गावच्या संतकवी दासोपंतांनी कापडाच्या लांब पासोडीवर वेदान्तविषयक मजकूर आकृत्यांसह लिहिला; आजच्या वर्गवारीत अक्षरकला आणि चित्रकला वेगळ्या विभागांत पडतील, पासोडीवर त्या एकत्र आहेत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1965 मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाकडे राज्याच्या कलाशिक्षणाची सूत्रे गेली, तेव्हा एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शालेय चित्रकला परीक्षांची शिडी या भागालाही मिळाली. पुढे औरंगाबादला शासकीय कला महाविद्यालय निघाल्यावर मुंबईपेक्षा जवळचे केंद्रही उपलब्ध झाले.

तरीही या शिडीच्या पायथ्याशी उभा असलेला ‘ड्रॉइंगचा सर’ हाच ग्रामीण विद्यार्थ्याला दिसणारा कलेचा व्यवसाय राहिला, आणि साहजिकच कलाशिक्षक पदविका ही त्याला सर्वांत ओळखीची शाखा ठरली. मातीची भट्टी, धातूचे ओतकाम किंवा वस्त्रसंकल्पनाचा माग ज्याने प्रवेशापूर्वी पाहिलेला नाही, त्याने अर्जात लिहिलेली पसंती ही पूर्ण अर्थाने निवड म्हणता येत नाही. म्हणून प्रवेशानंतर शाखा बदलण्याची मुभा ही महानगरातील विद्यार्थ्यासाठी सोय असली, तरी बीडसारख्या जिल्ह्यातून येणाऱ्यासाठी ती निवडीची पहिली खरी संधी आहे.