नकोशा फोनपासून सुटका : 'डीएनडी' नोंदणी, तक्रार आणि कायदा

कार्यालयातील बैठकीत किंवा रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात असताना मोबाइल वाजतो. घरचा निरोप असेल म्हणून घाईने उचलावा, तर पलीकडून पूर्वमंजूर कर्जाची, क्रेडिट कार्डाची किंवा नव्या गृहसंकुलाची माहिती सुरू होते. बोलणाऱ्याला ग्राहकाचे नाव ठाऊक असते. कित्येकदा त्याचे खाते कोणत्या बँकेत आहे हेही ठाऊक असते. हा क्रमांक नेमका कुठून मिळाला, या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर मिळत नाही.

या त्रासाची दखल देशात प्रथम गांभीर्याने घेतली गेली ती २००५ मध्ये, एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेमुळे. त्या काळी दुसऱ्या राज्यात गेल्यावर येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. म्हणजे कर्ज नको म्हणण्याचा खर्चही ग्राहकाच्याच माथी! अमेरिकेत २००३ मध्ये अशा फोनना मज्जाव करणारी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली होती. त्याच धर्तीवर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) जून २००७ मध्ये नियम केले आणि त्याच वर्षी 'नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री' सुरू झाली.

पहिला प्रयोग फारसा यशस्वी ठरला नाही. नोंदणी अमलात यायला ४५ दिवस लागत. दंड पहिल्या कॉलला ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येकाला १००० रुपये असे, पण तो वसूल करायचा होता दूरसंचार कंपनीने, आणि तोही आपल्याच ग्राहकाकडून, म्हणजे ज्याच्या कॉलवर तिचे उत्पन्न अवलंबून त्याच्याकडून. यादी तपासून मगच फोन करण्याची जबाबदारीही विक्रेत्यावरच सोपवलेली होती. कुंपणाला शेताची राखण सांगावी, तसाच हा प्रकार होता.

डिसेंबर २०१० मध्ये ट्रायने नवे नियम जाहीर केले व २७ सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णपणे लागू झाले. नोंदणीकृत विक्रेत्यांना १४० ने सुरू होणारे क्रमांक देण्यात आले, जेणेकरून फोन उचलण्यापूर्वीच तो कोणाचा हे कळावे. जाहिराती रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळेत बंद झाल्या. एका सिमकार्डावरून दिवसाला ठरावीक संख्येपलीकडे संदेश पाठवण्यासही बंदी आली. आधी शंभर आणि लवकरच दोनशे, अशी ही मर्यादा होती. तिचा फटका गप्पिष्ट तरुणाईलाच अधिक बसला. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वैयक्तिक संदेशांपुरती ती उठवली.

सध्याची व्यवस्था जुलै २०१८ च्या नियमावलीवर उभी आहे. तिच्यात जाहिरात पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपले नाव, संदेशाचा नमुना आणि ग्राहकाची संमती यांची नोंद दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक संगणकीय खातेवहीत करावी लागते. या नोंदीशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा अनेक बँकांनी आपले नमुने नोंदवलेलेच नव्हते. परिणामी व्यवहारासाठी लागणारे ओटीपीच अडकून पडले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला चाळणी आठवडाभर थांबवावी लागली.

त्याआधीचा एक वाद याहून विलक्षण. तक्रार सोपी व्हावी म्हणून ट्रायने २०१६ मध्ये 'डीएनडी' अॅप आणले. तक्रार नोंदवायची तर अॅपला फोनमधील कॉल व संदेशांची नोंद वाचावी लागे. 'अॅपल'ने ही परवानगी नाकारली, कारण दिले ग्राहकाच्या खासगीपणाचे. खासगीपणा राखण्यासाठी केलेले साधन खासगीपणाच्याच मुद्द्यावर दोन वर्षे अडून राहिले. अखेर २०१८ च्या शेवटी आयफोनवर ते उपलब्ध झाले.

नोंदणीकृत विक्रेत्यांवर असा वचक बसला, तरी खरी डोकेदुखी आहे ती साध्या दहा आकडी क्रमांकावरून येणाऱ्या फोनची. नोंदणी न करता, सामान्य सिमकार्ड किंवा कार्यालयीन जोडण्या वापरून हे फोन केले जातात. एक क्रमांक बंद झाला की दुसरा हजर. १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने अशांच्या सर्व जोडण्या तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या काही आठवड्यांतच २.७५ लाखांहून अधिक जोडण्या तोडल्या गेल्या आणि ५० हून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने नियम आणखी कडक केले. पहिल्या उल्लंघनाला जाणारे कॉल व संदेश १५ दिवस बंद, पुन्हा तसे आढळल्यास सर्व जोडण्या वर्षभर बंद. तक्रारींचे आकडे चुकीचे देणाऱ्या दूरसंचार कंपनीला दोन, पाच व पुढे दहा लाख रुपयांचा दंड. बँका व वित्तसंस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी स्वतंत्र मालिका राखून ठेवण्यात आली आहे.

नोंदणीसाठी १९०९ या क्रमांकावर फोन करावा, अथवा इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून एक जागा सोडून शून्य, असा संदेश त्याच क्रमांकावर पाठवावा. सर्वच जाहिराती नको असतील असे नाही. बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे प्रकार निवडून फक्त तेवढेच बंद करता येतात. मोबाइल कंपनीच्या अॅपमध्येही ही सोय असते.

नोंदणीनंतरही फोन आलाच तर सात दिवसांच्या आत १९०९ वर किंवा 'डीएनडी' अॅपमधून तक्रार करावी. पूर्वी ही मुदत तीनच दिवसांची होती. फोन करणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि थोडक्यात मजकूर कळवावा लागतो. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारीवर कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची असते. अशा विक्रेत्याविरुद्ध तक्रारीसाठी ग्राहकाने स्वतः 'डीएनडी'त नाव नोंदवलेले असण्याचीही आता अट नाही. मात्र 'व्हॉट्सअॅप'सारख्या इंटरनेटवरील सेवांतून येणारे कॉल व संदेश या नियमावलीच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे क्रमांक ब्लॉक करणे आणि त्या सेवेकडेच तक्रार करणे, एवढाच मार्ग उरतो.

क्रमांक मुळात बाहेर कसा जातो, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. मॉलमधील भाग्यवान सोडतीचे कूपन, दुकानात बिलासोबत मागितला जाणारा नंबर, कर्जाची चौकशी करण्यासाठी भरलेला अर्ज आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली संमतीची चौकट ही त्याची नेहमीची दारे. अशी संमती एकदा दिली, की 'डीएनडी'त नाव असूनही त्या संस्थेचा फोन नियमबाह्य ठरत नाही. ती मागे घेता येते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना त्यात १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.