टाकी भरलेली, तरी शेवटच्या गल्लीला पाणी का नाही? नळयोजनेचं ‘हायड्रॉलिक मॉडेल’ काय असतं, ते कशाला लागतं

उन्हाळा लागला की शिरपूर-धुळ्याकडे गावोगाव ही तक्रार ऐकू येते. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी सोडल्याची वेळ बरोबर, आणि तरी गल्लीच्या शेवटच्या घरात दोन हंडे भरेपर्यंत नळ बंद. मग निवेदन, मग मोर्चा, आणि मग ठरलेलं उत्तर: नवी टाकी बांधू, मोठी मोटर बसवू. कधी त्याने फरक पडतो. कधी सगळा पैसा खर्च होतो आणि शेवटचं घर होतं तिथंच राहतं.

याचं कारण साधं आहे. तक्रार पाण्याची वाटते, पण बऱ्याचदा ती दाबाची असते. दाब कुठे, किती आणि का कमी पडतो, हे हिशेबाने सांगणारं साधन म्हणजे हायड्रॉलिक मॉडेल.

शिरपूर तालुक्याचं नाव पाण्याच्या बाबतीत राज्यभर झालं ते ‘शिरपूर पॅटर्न’मुळे. नाले रुंद आणि खोल करायचे, त्यावर बंधाऱ्यांची साखळी बांधायची, पाणी जमिनीत मुरवायचं. ते काम पाणी मिळवण्याचं. या लेखाचा विषय त्याच्या पुढचा आहे: मिळालेलं पाणी टाकीत चढल्यावर घरोघरी सारखं कसं पोहोचवायचं. पाणी मिळवण्यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. वाटपावर बोलणं होतं ते नळावर भांडण लागल्यावरच.

ठिबकवाल्याला लगेच कळेल

केळी किंवा कापसाला ठिबक केलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लॅटरल नळी फार लांब टाकली की सुरुवातीचे ड्रिपर जोरात आणि शेवटचे टिपटिप. म्हणून ठिबक बसवण्याआधी शेताचा उतार, नळीची लांबी-जाडी, पंपाचा दाब यांचा हिशेब होतो. शेताला जो हिशेब लागतो, तोच गावाच्या नळांनाही लागतो. फरक इतकाच की गावात गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या असतात, पाइप वेगवेगळ्या काळात टाकलेले असतात, आणि कोण कधी किती पाणी घेईल ते कुणाच्या हातात नसतं.

पाणी पाइपातून धावतं तेव्हा पाइपाच्या भिंतीला घासतं आणि त्यात दाब खर्च होतो. हा खर्च पाण्याच्या वेगासोबत सरळ वाढत नाही, उडी मारून वाढतो. एक उदाहरण घेऊ. हेझन-विल्यम्सचं जे सूत्र आपले इंजिनिअर रोज वापरतात, त्यानेच केलेला हा हिशेब आहे.

समजा १०० मिलिमीटर व्यासाचा, ५०० मीटर लांब पाइप आहे आणि त्यावर १२८० माणसांची वस्ती आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी गल्लीच्या जमिनीपेक्षा १५ मीटर उंच. माणशी रोज १३५ लिटर धरले आणि पाणी चोवीस तास चालू असलं, तर सकाळच्या गर्दीच्या वेळीही सेकंदाला ५ लिटर पाणी पुरतं. पाइप चांगला असेल तर घर्षणात साधारण २.६ मीटर दाब जातो. शेवटच्या घरी १२.४ मीटर उरतो. केंद्राच्या सीपीएचईईओच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत दुमजली घरासाठी किमान १२ मीटर धरलेत, म्हणजे काम भागलं.

आता तेच पाणी रोज एका तासात द्यायचं ठरवा. सेकंदाला ४८ लिटर लागतील. या पाइपातून ते जाणं शक्यच नाही. नुसतं दुप्पट, म्हणजे १० लिटर ओढलं, तरी दाबाचा खर्च ९.५ मीटरवर जातो आणि शेवटी साडेपाच मीटर उरतो. एकमजली घराला लागणारे ७ मीटरसुद्धा नाहीत. आणि तासाभरात मिळालं किती? सगळ्या वस्तीला ३६ हजार लिटर, माणशी २८ लिटर. तेही समान वाटलं गेलं तर.

पाइप जुना, आतून गंजून खरखरीत झालेला असेल तर १० लिटरला २३ मीटर दाब हवा. आपल्याकडे आहेच १५. म्हणजे तेवढं पाणी शेवटपर्यंत जाणारच नाही, टाकी कितीही मोठी बांधा. उलट हाच पाइप दीडशे मिलिमीटरचा आणि चांगला असता, तर त्याच १० लिटरला जेमतेम १.३ मीटर गेला असता. दोन इंच जाडीचा फरक आणि खर्च सातपटीने कमी!

असे हिशेब एका पाइपाचे कागदावर होतात. शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेसारख्या, २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरात असे शेकडो तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात. एक व्हॉल्व्ह फिरवला की दहा ठिकाणचा दाब बदलतो. तिथं कागद पुरत नाही.

हाताने आकडेमोड ते कॉम्प्युटर

गुंतलेल्या जाळ्याचं गणित सोडवण्याची रीत १९३६ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी मांडली. अंदाजाने आकडे धरायचे, चूक काढायची, दुरुस्त करायची, पुन्हा तेच. आपल्याकडचे जुने इंजिनिअर कॉलेजात हे वहीत सोडवून आलेत. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एपानेट’ हे सॉफ्टवेअर आणलं. ते आजही फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वॉटरजेम्स’चं नाव आपल्याकडे जास्त ऐकू येतं. खेड्यांच्या, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरणाऱ्या नळयोजनांसाठी आयआयटी मुंबईने ‘जलतंत्र’ बनवलं आहे. कुठे किती व्यासाचा पाइप टाकला तर कमीत कमी पैशात काम होईल, हे ते सांगतं. त्यामुळे सॉफ्टवेअरला पैसा नाही ही सबब टिकत नाही.

मॉडेल बनतं कसं

गावाचा नळांचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा. प्रत्येक पाइपाची लांबी, व्यास, जात, वय. प्रत्येक चौकाची समुद्रसपाटीपासूनची उंची. सातपुड्याकडून तापीकडे उतरत येणाऱ्या या पट्ट्यात गावाची दोन टोकं एका पातळीवर असतीलच असं नाही, म्हणून उंची अंदाजाने लिहून चालत नाही. मग टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, आणि कुठे किती घरं. एवढं भरलं की सॉफ्टवेअर प्रत्येक चौकातला दाब आणि प्रत्येक पाइपातला प्रवाह तासातासाला काढून देतं.

ऐकायला सोपं आहे. खरी अडचण पहिल्याच ओळीत येते: पाइप कुठून गेलाय ते कागदावर नसतं. असतं ते पाणी सोडणाऱ्या वॉलमनच्या डोक्यात. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कोणत्या गल्लीला आधी सोडलं तर कोणती कोरडी राहते, कुठे जुनी लाइन नव्या रस्त्याखाली दबलीय, हे त्याला तोंडपाठ. पांझरेच्या फड बागायतीत पाटकऱ्याचं जे स्थान, तेच नळयोजनेत याचं. आमच्या मते मॉडेलच्या कामात पहिले आठ दिवस इंजिनिअरने या माणसासोबत गाव पायी फिरावं. तो निवृत्त झाला की निम्मा नकाशा त्याच्यासोबत घरी जातो.

नंतरचं काम म्हणजे मॉडेल खऱ्या गावाशी जुळवणं. नळाला प्रेशर गेज लावून दाब मोजायचा, टाकीतून बाहेर पडणारं पाणी मीटरने मोजायचं, आणि कॉम्प्युटरचे आकडे तसेच येतात का ते बघायचं. नसतील तर कारण शोधायचं. या शोधात अशा गोष्टी सापडतात ज्या वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात नसतात. दुरुस्तीला बंद केलेला आणि पुन्हा उघडायचा राहून गेलेला व्हॉल्व्ह, त्यावर डांबर. कागदावर दीडशेचा आणि खड्ड्यात शंभरचा पाइप. मध्यरात्री सगळे झोपलेले असताना टाकीतून सुरूच असलेला प्रवाह, म्हणजे सरळ गळती. तिथं नवी टाकी लागत नाही, एक खड्डा लागतो.

ही जुळणी न केलेलं मॉडेल म्हणजे रंगीत चित्र. प्रस्तावाला जोडायला छान दिसतं.

मलकापूरचं उदाहरण

आपल्याकडे मलकापूर म्हटलं की बुलढाण्याचं, रेल्वेलाइनवरचं आठवतं. हे ते नव्हे. हे सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेलं. तिथं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने चोवीस तास पाण्याची योजना केली. तेव्हाची तिथली नगरपंचायत म्हणजे काही मोठं शहर नव्हतं. प्राधिकरणातले इंजिनिअर डॉ. संजय दहासहस्र यांनी या कामात हायड्रॉलिक मॉडेलचा आग्रह धरला. वॉटरजेम्सवर जाळ्याचा हिशेब झाला, नळांना दुरून रीडिंग घेता येणारे मीटर बसले, आणि जास्त वापराला चढता दर लागला. मीटर नसते तर चोवीस तास पाणी म्हणजे चोवीस तास वाया, हे तिथं आधीच ओळखलं गेलं होतं. नुसतं सॉफ्टवेअर आणलं असतं तर हे झालं नसतं.

मॉडेल कुठे चुकतं

आपल्याकडे पाणी एकदिवसाआड, कुठे त्याहूनही उशिरा येतं. मधल्या काळात पाइप रिकामे होतात. सोडल्यावर आधी हवा येते, नळ फुसफुसतो, मीटर फिरतो. जुन्या पद्धतीचं मॉडेल असं गृहीत धरतं की पाइप कायम भरलेला आहे आणि प्रत्येक घराला हवं तेवढं पाणी मिळतंच. मग ते दाब उणे दाखवतं, आणि काही जण ते तसंच अहवालात छापतात. दाब असेल तेवढंच पाणी मिळेल, या रीतीने हिशेब करायची सोय एपानेटच्या २०२० च्या २.२ आवृत्तीत आली. आपल्या गावांना तीच लागू पडते.

शिवाय टिल्लू मोटर. लाइनला थेट मोटर लावली की पुढच्या घरांचा दाब पार पडतो, आणि कुठे पाइप फुटलेला असेल तर गटारीचं पाणी आत ओढलं जातं. कोणत्या गल्लीत किती मोटारी आहेत हे कुणी खरं सांगत नाही. मॉडेलमध्ये मोटर दिसते ती अशी: हिशेबाने असायला हवा त्यापेक्षा दाब कमी, आणि गळती तर कुठे सापडत नाही.

तुमच्या गावात काय विचाराल

अमृत २.० मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, लहान नगरपंचायतीसुद्धा पाणीपुरवठ्याच्या कामांसाठी धरल्या गेल्या आहेत. आपल्या गावात नवी टाकी, नवी लाइन मंजूर होत असेल तर सभेत चार प्रश्न विचारता येतात. या कामाचं मॉडेल केलंय का? त्याची फाइल नगरपरिषदेकडे आहे का, की सल्लागार कंपनीच्या लॅपटॉपवरच? प्रत्यक्ष दाब कोणत्या तारखेला, किती ठिकाणी मोजला? आणि काम झाल्यावर शेवटच्या घरी किती मीटर दाब मिळेल, तो आकडा लेखी द्याल का?

दाब घरच्या घरीही बघता येतो. हार्डवेअरच्या दुकानात प्रेशर गेज मिळतो, ठिबकवाल्यांकडे तर असतोच. पाणी सुटल्यावर टाकीच्या जोडाआधी, लाइनच्या नळाला लावा आणि मोटर बंद ठेवा. गेजवर एक किलो म्हणजे दहा मीटर. गल्लीच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घराचं रीडिंग एकाच वेळी, आठ दिवस वहीत लिहा. पहिल्या घरी एक किलो आणि शेवटी काटा हलतच नसेल, तर दोष मधल्या लाइनमध्ये आहे. पहिल्याच घरी काटा पडलेला असेल तर टाकीकडे किंवा मुख्य व्हॉल्व्हकडे बघायला हवं. ती वही घेऊन पाणीपुरवठा विभागात जा. जाताना वॉलमनदादालाही सोबत घ्या.