बालवाडी अंगणात गेली तेव्हा

जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा पहिलीच्या वर्गातला आवाज आपणा सर्वांच्या परिचयाचा असतो. कोणी दार धरून उभे, कोणी आईचा पदर. 'चार दिवसांत सवय होईल' असे पालकांना सांगून आपण कामाला लागतो. सवय मुलाने करून घ्यायची, हे त्यात आपण गृहीत धरलेले असते. या गृहीतकाला ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावात एकदा चांगलाच धक्का बसला.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, त्या काही नवख्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात त्यांनी काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, असा त्यांचा प्रवास झालेला होता. माँटेसरी पद्धत त्यांच्या हाडीमांसी रुजलेली होती. बोर्डीला बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, त्यात जातीचे अंतर. मुलांना न्हाऊमाखू घालून वेळेवर पोचवणार कोण?

मग बालवाडीच वस्तीत गेली. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ आणि इतर कार्यकर्त्या वस्तीतल्या एखाद्या अंगणात जात, ते झाडून घेत, मुले गोळा करीत. पहिले काम अंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे. त्यानंतर गाणी, गोष्टी आणि खडे, पाने, शिंपल्यांचे खेळ. म्हणून नाव पडले अंगणवाडी. पहिला तास शरीराच्या स्वच्छतेला देणे हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण परक्या बाईचा हात ओळखीचा व्हायला याहून चांगला मार्ग आम्हांला तरी सुचत नाही.

खरे तर ही कल्पना माँटेसरीबाईंच्या आरंभातही होती. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ मध्ये त्यांचे पहिले बालगृह निघाले, ते मुले राहत त्याच चाळवजा इमारतीत. (मुले जिने-भिंती खराब करतात, ही इमारतवाल्यांची तक्रार त्यामागे होती!) पद्धत जगभर पसरली ती साधनांच्या पेट्यांनिशी, घराशेजारच्या त्या खोलीची आठवण मागे पडली.

१९५७ मध्ये संस्थेचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखीत, तेव्हा कुरणात शाळा भरू लागली. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळण्यात अडकत; म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात, ताई शेजारच्या वर्गात. बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलाला ना नवे आवार, ना अनोळखी चेहरे.

विज्ञानाच्या बाजूने याच सुमारास लंडनमध्ये वेगळे काम चालू होते. जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन हे आईपासून तुटलेल्या लहान मुलांचा अभ्यास करीत होते. रॉबर्टसन यांनी १९५२ साली इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखवला. अशा मुलांत त्यांना तीन टप्पे दिसले : आधी आक्रोश, मग खिन्नता, आणि शेवटी एक प्रकारचा अलिप्तपणा. हा तिसरा टप्पा पाहून परिचारिका म्हणत, 'रुळलं हो पोर.' सात वर्षांनी, १९५९ मध्ये, प्लॅट समितीने आईबापांना मुलाजवळ मुक्तपणे येऊ द्यावे अशी शिफारस केली. इस्पितळातले आठ दिवस आणि शाळेतले काही तास यांची तुलना फार ताणू नये. तरीही रडणे थांबले म्हणजे मूल रुळले, असे मानण्यापूर्वी ते खेळते का, बोलते का, डबा खाते का, हे पाहणे त्यामुळे अगत्याचे ठरते. निमूट बसलेल्या मुलाकडे आपले लक्ष सर्वांत उशिरा जाते, हा वर्गातला अनुभव आहेच.

'अंगणवाडी' हा शब्द १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेने उचलला आणि देशभर नेला. पोषण, लसीकरण यांचे मोठे काम त्यातून झाले. पण अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आणि पहिली शिक्षण खात्याकडे, अशी वाटणी झाल्याने विकासवाडीने जोडलेला सांधा पुन्हा निखळला. २०२१ पासून पहिलीच्या आरंभी तीन महिन्यांचा खेळांवर आधारित 'विद्या प्रवेश' कार्यक्रम आला आहे, तो या सांध्यासाठीच. त्याच्या जोडीला आम्ही आणखी एक सुचवू. पहिलीच्या बाईंनी एप्रिलमध्ये दोन-तीन सकाळी गावातल्या अंगणवाडीत जाऊन बसावे. कोणते पोर कोणाशेजारी बसले की बोलते, कोणाला आजी सोडायला येते, कोण गोष्टीला पुढे सरकते, हे तिथल्या ताईंना ठाऊक असते. दाखल्यावर फक्त जन्मतारीख येते.