वाचून न संपणारा संग्रह

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारविले. माझ्या दृष्टिहीन काकांना मात्र ती कपाटे मुकीच राहिली. लुई ब्रेल यांची लिपी १८२९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. परंतु ब्रेलमध्ये एका कादंबरीचे कित्येक जाड खंड होत आणि ते मिळणे दुर्घट. काकांजवळ चारच पुस्तके होती. ठिपके झिजून सपाट झाले, तरी ते त्यांवरूनच बोटे फिरवीत.

पुढे २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याने अशा रूपांतरास मोकळीक दिली. २०१३ मध्ये मराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा पहिला देश भारतच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अंकीय ग्रंथालय सुरू झाले.

निवृत्तीनंतर काचबिंदूने माझीही दृष्टी हिरावली. आज संगणकात ऐकता येतील अशी पाच हजारांवर पुस्तके आहेत. आठवड्यास एक धरले, तरी जवळजवळ शंभर वर्षे लागतील. (हिशेब मांडणे ही जुन्या नोकरीची खोड.) “आजोबा, एवढी कशाला?” नातू विचारतो. मी त्याला काकांची चार पुस्तके हातात देतो.

काल आणखी अकरा उतरवून घेतली.