मीटिंगमधल्या ‘एस’चं घराणं

मीटिंग लांबत चालली की ट्रेनर मंडळींकडे एक ठरलेलं औषध असतं. सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि प्रत्येकाला चारांपैकी एक अक्षर द्यायचं. ‘डी’ला निष्कर्ष आधी सांगा, कारणं त्याने विचारली तर. ‘आय’ला बोलू द्या, पण घड्याळावर नजर ठेवा. ‘एस’ला आदल्या दिवशीच कल्पना द्या, ऐनवेळी विचारलंत तर तो मान डोलावेल आणि नंतर मनातल्या मनात अडून बसेल. ‘सी’ला आकडे आधी पाठवा, नाहीतर तो ते भर मीटिंगमध्ये मागेल. एवढं सांभाळलं की निर्णय झटपट होतात, असा दावा. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतही हे चार खण आता ओळखीचे झालेत.

या पद्धतीचं नाव ‘डिस्क’. तिचं मूळ विल्यम मोल्टन मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या ‘इमोशन्स ऑफ नॉर्मल पीपल’ या 1928 सालच्या पुस्तकात आहे. रक्तदाबावरून खोटं ओळखायची चाचणी याच गृहस्थाची. आणि 1941 साली चार्ल्स मोल्टन या टोपणनावाने ‘वंडर वूमन’ लिहिली तीही यानेच! हे समजलं तेव्हापासून मला ऑफिसातल्या ‘एस’कडे सरळ नजरेनं पाहता येत नाही.

खोटं पकडण्याच्या चाचणीचा शेवट थोडक्यात आटोपतो. खुनाचा आरोप असलेला जेम्स फ्राय खरं बोलतो आहे, अशी ग्वाही द्यायला मार्स्टन तयार होता. 1923 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती नाकारली. त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेलंच शास्त्र पुरावा म्हणून चालेल, असा दंडक त्या निकालाने घातला, आणि अमेरिकी न्यायालयांनी तो कित्येक दशकं वापरला.

वंडर वूमनच्या सोनेरी दोरीत सापडलेला माणूस खरं बोलतो, म्हणजे ती दोरी त्या चाचणीचीच चित्रावृत्ती, असं बहुतेक जण सांगतात. मला हे पटत नाही. मार्स्टनच्या मूळ गोष्टींत दोरीचं काम खरं वदवून घेण्याचं नव्हतंच. तिने बांधलेल्या माणसाला बांधणाऱ्याचं ऐकावं लागे. खरं बोलणं हा त्या ऐकण्याचाच एक भाग. दोरीचं नातं रक्तदाबाच्या पट्ट्याशी नसून ‘एस’शी आहे, असं माझं म्हणणं आहे.

कारण मार्स्टनचा ‘एस’ म्हणजे आजचा शांत, स्थिरबुद्धी सहकारी नव्हे. त्याचा शब्द होता ‘सबमिशन’, शरणागती. त्याची मांडणी अशी: समोरची शक्ती तुम्हांला अनुकूल वाटते की प्रतिकूल, आणि तिच्यापुढे तुम्ही स्वतःला सबळ समजता की दुबळे? प्रतिकूल शक्तीपुढे सबळ, तर ‘डॉमिनन्स’, वर्चस्व. अनुकूल शक्तीपुढे सबळ, तर ‘इन्ड्यूसमेंट’, म्हणजे तिला गोडीने आपल्याकडे वळवणं. शक्ती अनुकूल आणि आपण दुबळे, तर स्वखुशीची शरणागती. मूल आईचं ऐकतं तशी. शक्ती प्रतिकूल आणि आपण दुबळे, तर ‘कम्प्लायन्स’, नाइलाजाने मान तुकवणं. या चार मूळ भावना होत्या, माणसांचे चार प्रकार नव्हेत. एकच माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चारही खणांतून फिरू शकतो. मार्स्टनने प्रश्नावली कधी काढलीच नाही.

आता कॉमिककडे पाहा. वंडर वूमनच्या मनगटांतली कडी हर्क्युलिसने ॲमेझॉन स्त्रियांना कैद केलं होतं त्याची आठवण म्हणून आहेत, आणि पुरुषाने ती एकमेकांना साखळीने जोडली की तिची ताकद जाते. ही शत्रूपुढची मान तुकवणी, म्हणजे ‘सी’. दोरीने घडते ती शरणागती, म्हणजे ‘एस’. कोणी म्हणेल, दोरीत अडकलेला खलनायक कुठे खुशीने शरण जातो? आक्षेप रास्त आहे. पण याच मालिकेत कैद्यांना सुधारण्याचं एक बेट आहे, तिथे कमरेला ‘व्हीनस गर्डल’ चढवला की कैद्यांना आज्ञा पाळणं आवडू लागतं. सक्तीतून आवडीकडे जाण्याचा रस्ता लेखकाने स्वतःच आखून ठेवला आहे. मला तेवढं पुरे.

या अक्षरांच्या मुळाबद्दलचं प्रतिस्पर्धी मत बरंच जुनं आहे. चार अक्षरं म्हणजे गेलन या प्राचीन वैद्याच्या, शरीरातल्या रसांवरून ठरणाऱ्या चार प्रकृती, असं अनेक ट्रेनर पहिल्याच स्लाइडवर सांगतात. माणसाला ‘पित्तप्रकृतीचा’ म्हणणाऱ्या आपल्याला ही सोयरीक लगेच पटते. फक्त आपल्याकडे दोष तीन. पण रंग पाहा. आज बऱ्याच संस्था ‘डी’ला लाल आणि ‘आय’ला पिवळा रंग देतात. गेलनच्या परंपरेत तापट, हुकमी माणूस पिवळ्या पित्ताचा आणि हसरा, गप्पिष्ट माणूस रक्ताचा, म्हणजे लालचा. वारसा थेट असता तर हे दोन रंग असे उलटे बसले नसते.

अर्थात रंग मागाहून आले, मार्स्टनने ते दिले नव्हते. त्यामुळे हा मुद्दा मी फार ताणत नाही. माझी खरी अडचण वेगळीच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी या चार प्रकृती दोन अक्षांवर बसवल्या होत्या: भावना किती तीव्र, आणि ती किती लवकर बदलते. वुंट यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग, आणि हार्वर्डमध्ये म्युन्स्टरबर्ग यांचा शिष्य मार्स्टन. दोन अक्षांचा साचा या वाटेने आला असणार, हे मी मान्य करतो. पण वुंट यांचे दोन्ही अक्ष माणसाच्या आतले आहेत. मार्स्टनचे अक्ष माणूस आणि त्याच्यासमोरची शक्ती यांच्यामधले आहेत, आणि गेलनच्या रसांत त्या समोरच्या शक्तीला जागाच नाही.

मग शरणागतीचा स्थिरपणा कसा झाला? 1940च्या दशकात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर क्लार्क यांनी नोकरभरतीसाठी विशेषणांची एक यादी तयार केली: स्वतःला लागू पडतील त्या शब्दांवर खुणा करा. उत्तरांचे चार गट पडले, ते मार्स्टनच्या चौकडीशी जुळते वाटले. क्लार्क यांची नावं मात्र आक्रमक, मिळूनमिसळून वागणारा, स्थिर आणि टाळाटाळ करणारा अशी होती. इंग्रजीत ‘स्टेबल’चं पहिलं अक्षरही ‘एस’च, बदल कुणाला खुपला नसावा. 1970च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉन गायर यांनी याच परंपरेतली ‘पर्सनल प्रोफाइल सिस्टीम’ आणली. आजच्या तक्त्यांत ‘एस’ म्हणजे ‘स्टेडीनेस’ आणि ‘सी’ म्हणजे ‘कॉन्शिएन्शसनेस’, काटेकोरपणा. कारण उघड आहे, असं मला वाटतं: ‘तुम्ही शरणागत आहात’ असा अहवाल हातात ठेवून कुठल्या कंपनीकडून पैसे घेणार?

पण यात ‘सी’वर अन्याय झाला. मीटिंगमध्ये आकडे मागणारा माणूस मार्स्टनच्या व्याख्येत काटेकोर नाही. समोरची सत्ता त्याला वैरी वाटते आणि आपण तिच्यापुढे कमी पडू अशी भीती आहे. त्याला आकडे आदल्या रात्री पाठवून तो गप्प बसतो की आणखी सावध होतो, हे साहेब कोण आहे यावर ठरेल. आणि ‘एस’ चटकन होकार देतो तेव्हा त्याला साहेब आपला वाटला, एवढंच. त्याच्या जागी दुसरा साहेब आणा, तोच माणूस ‘सी’ होईल. प्रश्नावलीच्या छापील अहवालात साहेबाबद्दल एक ओळही नसते.

क्लार्क यांनी यादी काढली ती माणसं नेमण्यासाठी. आज तिच्या वंशातलं सर्वांत नावाजलेलं प्रोफाइल विकणारी ‘विली’ ही प्रकाशन कंपनी ते भरतीसाठी वापरू नका, असं सांगते.